दुसऱ्या रविवारची हरकत

उत्तन, ७ जुलै २०२४

ऑड्रे,

आधी 'प्रिय' लिहिलं, मग खोडलं, मग कागदच बदलला. मी तुझी मावसबहीण, आपल्या दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत, आणि तरी तुला काय म्हणून हाक मारावी ते मला सुचत नाही. फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस, ते बरोबरच आहे. तुझ्या आत्याचा नाशिकचा पत्ता जॉयस मावशी देईना, म्हणून तिने आपल्या लेकीसाठी, तुझ्यासाठी, बांधलेल्या खाऊच्या खोक्यावरून तो टिपून घेतला. माफी मागायची सुरुवातही चोरीने झाली म्हणायची.

हात थरथरतो म्हणून अक्षर असं आलंय. थेरपीवाली बाई रोज एक पान हाताने लिहायला सांगते. आतापर्यंत मी शाळेतल्या पोरासारखं 'माझे नाव क्लेअर, माझे गाव उत्तन' लिहीत होते. त्याचा मला कंटाळा आला.

त्या रविवारचं मला काही आठवत नाही. हे मी सुटका करून घ्यायला लिहीत नाही, खरंच नाही. मागच्या नोव्हेंबरपासून नाताळ उलटून जाईपर्यंत माझ्या डोक्यात नुसती कोरी भिंत आहे. जे कळलं ते लोकांकडून, आणि प्रत्येकाने ते कानकोंडं होऊन, अर्धंमुर्धं सांगितलं. शेवटी जॉयस मावशीने कुंपणापलीकडून सगळं सांगितलं. तिला बहुतेक मला दुखवायचंच होतं, पण तिच्यामुळे निदान पूर्ण गोष्ट तरी कळली.

देवळात तुझ्या आणि स्टीवनच्या लग्नाची दुसरी घोषणा होती. पहिल्या रविवारी फादर सॅम्युएलनी तुमची नावं वाचली, या लग्नाला कोणाची हरकत असेल तर त्याने कळवावं असं म्हणाले, आणि नेहमीप्रमाणे कोणी काही बोललं नाही. लहानपणी त्या वाक्याला आपण दोघी बाकाखाली एकमेकींना पायाने ढोसायचो. दुसऱ्या रविवारी ते वाक्य संपलं आणि मी उठून उभी राहिले. म्हणाले, माझी हरकत आहे. स्टीवनचं मूल माझ्या पोटात आहे.

तू आधी हसलीस म्हणे. तुला वाटलं, क्लेअरला नको तिथे मस्करी सुचते. मग मी तेच पुन्हा पुन्हा ओरडत राहिले, स्टीवनच्या आईकडे बोट दाखवून ओरडले, आणि तुझं हसू गेलं. मला बाहेर न्यायला चार माणसं लागली.

ते खोटं होतं, ऑड्रे. माझ्या मेंदूला सूज आली होती. डॉक्टरांनी त्याला मोठं नाव दिलंय, ते मला अजून नीट म्हणता येत नाही. नंतर फिट्स आल्या, बरेच दिवस मी बेशुद्ध होते, नळ्या लावल्या होत्या. आता बरी आहे. मध्ये पोटाचं एक लहानसं ऑपरेशन झालं, ॲपेंडिक्सचं. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

मला माफ कर. हे तीन शब्द लिहायला तू काय म्हणशील याचा विचार करत मी सकाळपासून बसले आहे, आणि आता मम्मी जेवायला हाका मारतेय.

क्लेअर


उत्तन, २८ जुलै

ऑड्रे,

तुझं उत्तर आलं नाही. तू पत्र फाडलंस की नुसतंच बाजूला ठेवलंस, एवढाच विचार मी करते.

लग्न मोडून तू नाशिकला गेल्यावर इथे काय चाललंय ते मावशी तुला सांगत नसणार. मासेमारी अजून बंद आहे, बोटी वर ओढलेल्या, गावाला बोलायला भरपूर वेळ. शुक्रवारी मी पहिल्यांदा एकटी मेडिकलपर्यंत गेले. पुढे दोघी बायका उभ्या होत्या, मी मागे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. एक म्हणाली, ॲपेंडिक्स कुठलं, बायकांच्या डॉक्टरणीने कापलंय, पोर हुतं ते पाडलं. दुसरी म्हणाली, मंग पोरगी देवळात खरंच बोलली म्हणायची. मी माझ्या गोळ्या न घेता परत आले.

म्हणजे गावाच्या हिशेबी मी वेडी नाही, मी खरं बोलणारी आहे. आणि खोटा कोण, तर स्टीवन.

या दिवसांत त्याला जेवायलाही फुरसत नसते, तुला माहीत आहे. एक तारखेला बोटी सुटायच्या, त्याआधी सगळ्या नाखवांना, बोटीच्या मालकांना, त्याच्याकडून इंजिनं खोलून हवी असतात. यंदा तो जेट्टीवर बसून असतो. ज्यांच्या घरात तरण्या मुली आहेत ते नाखवा भाईंदर पूर्वेहून मेकॅनिक आणतात. त्याची आई, एलिझा काकी, भाईंदरच्या बाजारात माझ्या मम्मीच्या शेजारी टोपली मांडायची. आता तिने जागा बदलली आहे.

हे सगळं ॲपेंडिक्समुळे झालं. तुलाही मी पहिल्याच पत्रात तेच लिहिलं. माफीच्या पत्रात थाप मारणारी मीच असेन.

खरं काय ते आता लिहिते. माझ्या डाव्या अंडाशयात गाठ होती. लिंबाएवढी असेल वाटलं होतं, मोसंबीएवढी निघाली. कॅन्सरची नव्हती. अशा गाठीत शरीर काहीही बनवत बसतं. माझ्या गाठीत केस होते, चरबी होती आणि एक दात होता. हस, हवं तर. जेसल पार्कच्या दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसणाऱ्या मुलीच्या पोटात दात निघाला. डॉक्टर हेमाली, मेंदूच्या डॉक्टर, यांना मी हे सांगितलं तर त्याही हसल्या, आणि मग मला रडू आलं.

त्या गाठीत मेंदूसारखा थोडा भाग होता. शरीराला तो परका वाटला, म्हणून त्याने त्याच्यावर हल्ला करायला शिपाई तयार केले. ते शिपाई रक्तातून डोक्यात गेले आणि माझ्या खऱ्या मेंदूवरही तुटून पडले. पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासलं तेव्हा ते सापडले. म्हणून आधी मला झोप येईनाशी झाली, मग मी भलतंसलतं बोलायला लागले, मग फिट्स, मग काहीच नाही. गाठ काढल्यावर आणि औषधं दिल्यावर मी हळूहळू परत आले. हेमाली मॅडम म्हणतात, त्या दिवसांत जे बोललीस ते तू बोललीच नाहीस. ऐकायला बरं वाटतं. पण तोंड माझंच होतं ना.

मम्मीने ॲपेंडिक्स का सांगितलं ते तुला कळेल. लग्न न झालेल्या मुलीचं अंडाशय काढलं म्हटल्यावर मला कोण करून घेणार, हा तिचा प्रश्न. दुसरं शाबूत आहे, मुलं होऊ शकतात, हे डॉक्टरांनी तिला दोनदा सांगितलं. तिने मान हलवली आणि घरी येऊन सगळ्यांना ॲपेंडिक्स सांगितलं. आणि मीही गप्प बसले, कारण मलाही लाज वाटत होती. केसांची आणि दाताची तर फारच.

क्लेअर


उत्तन, १८ ऑगस्ट

ऑड्रे,

सोमवारी जॉयस मावशीने कुंपणावरून फोन पुढे केला, हातात दिला नाही, नुसता दाखवला. तुझा मेसेज होता. 'क्लेअरला विचार, स्टीवनचंच नाव का?'

एवढंच. पण तू माझी पत्रं फाडली नाहीस हे त्यावरून कळलं. रात्रभर मी उत्तर शोधलं. सरळ उत्तर असं आहे की मला माहीत नाही. पण तेवढ्यावर तुला सोडलं तर तू मला आणखी लबाड समजशील, म्हणून जे हाताला लागलं ते लिहिते.

तुझं लग्न ठरलं तेव्हा मला हेवा वाटला होता. स्टीवनचा नाही, त्याच्या दाढीला नेहमी ग्रीसचा वास येतो असं मी तुला सांगायचे ते मनापासून सांगायचे. हेवा वाटला तो तुझ्या सुटण्याचा, तुझ्या नव्या घराचा, आपण दोघी मिळून जे काय होतो त्यातून तू पुढे गेलीस याचा. तो हेवा त्या दिवशी बाहेर पडला का? डॉक्टर म्हणतात, असा अर्थ लावू नकोस. पण हेवा नव्हता असं मी लिहिणार नाही.

दुसरी गोष्ट मला या आठवड्यातच कळली, स्टीवनकडून. तुझा मेसेज वाचून मी जेट्टीवर गेले. सगळ्यांसमोर, भर उन्हात गेले, नाहीतर लोकांनी त्याचंही काही केलं असतं. तो एका बोटीचा पंप उघडून बसला होता. मी माफी मागितली. त्याने हात पुसले आणि मला सावलीत बसायला सांगितलं.

त्याने सांगितलं की त्या रविवारच्या आदल्या आठवड्यात मी त्याला भाईंदर स्टेशनबाहेर बसस्टॉपवर दिसले. बस येऊन गेल्या तरी मी उभीच होते. त्याने बाईकवर बसवून मला घरी आणलं. वाटेत मी त्याला सांगत होते की माझ्या पोटात काहीतरी जड आहे, ते हलतं, आणि दवाखान्यातले सगळे पेशंट माझ्याकडे बघून दात मोजतात. त्याला ते ठीक वाटलं नाही. मला दारात सोडून त्याने मम्मीला सांगितलं की क्लेअरला डॉक्टरकडे न्या, ही नेहमीसारखी नाही. मम्मीने त्याला चहा दिला आणि म्हणाली, कामाचा ताण हाय.

म्हणजे ऑड्रे, मी आजारी आहे हे ज्याच्या सगळ्यात आधी लक्षात आलं तो स्टीवन. पोट जड आहे हेही मी त्यालाच सांगितलं होतं. हेमाली मॅडमना मी हे कळवलं तेव्हा त्या म्हणाल्या, सूज आलेला मेंदू जे हाताशी असतं ते उचलतो आणि भलतीकडे जोडतो. त्याच्या बाईकवर बसून पोटाबद्दल बोलले, एवढंच बहुतेक माझ्या डोक्यात राहिलं. त्याने माझ्यावर उपकार केला आणि मी देवळात त्याची राखरांगोळी केली. 

एक गोष्ट लिहू की नको यावर मी दोन दिवस घालवले. मी त्याला म्हटलं, तू माझा राग राग केलास तरी चालेल. तो म्हणाला, "तुझ्यावर राग न्हाय. देवळातून बाहेर आल्यावर ऑड्रेने मला विचारलं, खरं हाय काय. तू आजारी होतीस. ती नव्हती."

मग तो परत पंपाकडे वळला. हे तुला कळवून मी आगीत तेल ओततेय का, माहीत नाही. पण तुम्ही दोघं माझ्यामुळे बोलत नाही असं मला वाटत होतं, आणि त्यात तुझाही एक प्रश्न अडकलाय हे तुझ्यापासून लपवणं मला जमलं नाही.

क्लेअर


उत्तन, २२ सप्टेंबर

ऑड्रे,

पुन्हा उत्तर नाही. मागच्या पत्राने तू दुखावली असशील. दुखवायचं नव्हतं, असं म्हणायची माझी पत राहिलेली नाही.

मी फादर सॅम्युएलकडे गेले होते. म्हटलं, ज्या बाकापाशी उभी राहून बोलले तिथेच उभी राहून सांगते, की ते आजाराने बोलले आणि आजार अंडाशयातल्या गाठीमुळे होता. फादर फार चांगले आहेत. त्यांनी मला पाणी दिलं, डोक्यावर हात ठेवला, आणि म्हणाले की मिस्सेच्या प्रार्थनेत असं काही बोलायची पद्धत नाही. आपल्या एका बहिणीच्या मेंदूला आजार होता आणि तिने जे म्हटलं त्यात तथ्य नव्हतं, असं ते स्वतः वेदीवरून सांगतील. अंडाशयाचं नाव कशाला, लहान मुलं असतात, म्हाताऱ्या असतात.

त्यांनी सांगितलंही, आठ तारखेच्या सणाला. त्याने काही झालं नाही. मेंदूचा आजार सगळ्यांना आधीच ठाऊक होता, लोक हॉस्पिटलात बघायला आले होते. गावाला प्रश्न पडलाय तो पोटाचा. पोटात काय होतं ते कोणी सांगत नाही, म्हणून तिथे पोर बसलंय.

घरी आल्यावर मी मम्मीला म्हटलं की ॲपेंडिक्स आता बास, मी खरं सांगणार. ती सुपात तांदूळ निवडत होती. सूप तिने खाली ठेवलं आणि इतकी भांडली की भिंतीपलीकडे जॉयस मावशीने टीव्ही बंद केला. मी गाव सोडून जाणार का, का आयुष्यभर दातवाली म्हणून मिरवणार, असं तिने विचारलं. स्टीवन पुरुष आहे, त्याचं काय जातंय, दोन वर्षांत लोक विसरतील, त्याला दुसरी मिळेल. ऑड्रेला पण मिळेल. तुला कोण मिळणार?

मग मी एक गोष्ट बोलले जी बोलायची नाही असं ठरवलं होतं. तुला आजवर लिहिली नाही ती मम्मीसाठी. पण तू तिची भाची आहेस आणि तुझं लग्न त्यात मोडलं, तेव्हा तुझा हक्क आहे.

देवळातला तो प्रकार झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मम्मीने मला रिक्षात घालून भाईंदर पूर्वेला एका लहान नर्सिंग होममध्ये नेलं. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून इतक्या लांब. तिला वाटलं, मी बोलतेय ते खरंच असेल. सोनोग्राफीत मूल नाही असं कळलं. गाठ आहे असंही कळलं, मोठ्या डॉक्टरांना दाखवा म्हणाले. मूल नाही एवढं ऐकून मम्मीने देवाचे आभार मानले आणि गाठीचं कोणाला सांगितलं नाही. डोकं बिघडलेल्या मुलीच्या पोटाचं कोणाला काय करायचंय, उगाच बोभाटा.

मग फिट्स आल्या. हॉस्पिटलात आधी मानसिक आजाराची औषधं चालली. हेमाली मॅडमनी मम्मीला विचारलं की हिला पोटाची, पाळीची काही तक्रार, कधी काही तपासणी? मम्मी म्हणाली, न्हाय. माझी तब्येत ढासळत गेली, मला व्हेंटिलेटरवर टाकलं, आणि त्या रात्री मम्मीने मॅडमचा हात धरून गाठीचं सांगितलं. मॅडम ओरडल्या नाहीत. लगेच स्कॅनला पाठवलं. मला हे मॅडमनी नाही, वॉर्डातल्या नर्सने सांगितलं, तिला वाटलं मला माहीत आहे.

हे सगळं मी मम्मीच्या तोंडावर म्हटलं. तू माझ्या पोटाची लाज वाटून गप्प बसलीस आणि मी मरता मरता वाचले, आता पुन्हा तेच करतेस.  तिने सूप उचललं, तांदूळ निवडायला लागली, आणि बराच वेळ तिचे हात नुसते फिरत होते.

मला वाटलं होतं की बोलून मोकळं वाटेल. उलट जास्तच लाज वाटली. बाजारात आणि मासळी वाळवायच्या खळ्यावर उभं आयुष्य घालवलेली माझी आई, तिला मी पहिल्यांदाच इतकी लहान झालेली पाहिली, आणि मी केलं ते.

क्लेअर


उत्तन, २७ ऑक्टोबर

ऑड्रे,

हे शेवटचं पत्र. यापुढे तुला त्रास देणार नाही.

गेल्या बुधवारी मी खळ्यावर गेले. बोंबील जोरात आलेत, ते वाळत घालायच्या वलांड्या खालपासून वरपर्यंत भरल्यात, आणि सकाळी सगळ्या बायका तिथेच असतात. देवळात बोललेलं देवळात राहत नाही, ते खळ्यावर येतं आणि इथून घरोघरी जातं. मग म्हटलं, सरळ खळ्यावरच जावं. मम्मीला सांगितलं नव्हतं. ती तिथे होतीच, बोंबलांच्या ढिगाशी बसून जोड्या लावत होती. पलीकडच्या रांगेत एलिझा काकी होती, मम्मीकडे पाठ करून. जॉयस मावशीसुद्धा होती.

मी मध्ये जाऊन उभी राहिले. रात्रभर वाक्यं पाठ केली होती. म्हटलं, मला सगळ्यांना एक सांगायचंय, माझ्या ऑपरेशनचं. हात थांबले, पंचवीस-तीस बायका माझ्याकडे बघायला लागल्या. आणि ऑड्रे, शब्दच येईना. अजून मला असं होतं, शब्द माहीत असतो आणि तोंडापर्यंत येत नाही. मी म्हणत राहिले, माझ्या, माझ्या, माझ्या.  कोणीतरी मागे हसलं. एकजण म्हणाली, पोरीला घरी न्या, परत सुरू झालं हिचं. मला वाटलं, आता संपलं. आता कधीच कोणाला पटणार नाही.

मम्मी उठली. तिच्या हातात अजून बोंबलाची जोडी होती, तोंडात तोंड अडकवलेली. मला वाटलं ती मला ओढून घरी नेणार. ती माझ्या बाजूला येऊन उभी राहिली.

"अंडाशयात गाठ हुती," ती म्हणाली. "पोर न्हाय. तिच्यात केस हुते, दात हुता, मना डॉक्टरणीने दाखवलं. तीच गाठ हिच्या डोक्यात चढली म्हणून ही देवळात तसं बोलली. ॲपेंडिक्स मी सांगितलं. स्टीवनने मना आधी सांगितलेलं, हिला डॉक्टरला दाखवा. मी न्हाय दाखवलं. गाठ हाय ते मना पयल्या आठवड्यात कळलं, ते पन मी लपवलं. डॉक्टरणीने विचारलं तरी न्हाय म्हटलं. माझ्या लाजेपायी माझी पोर मरत हुती. स्टीवनचं काय पन नव्हतं. खोटी मी हाय."

 एलिझा काकीने आधी हातातली जोडी वलांडीवर टाकली, मग वळली. म्हणाली, "आता सांगतंस?"

"हां," मम्मी म्हणाली. "आता सांगतंय."

मम्मीला रडताना मी पप्पा गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. बुधवारीही ती रडली नाही. पण तिने माझा दंड धरला होता आणि शेवटपर्यंत सोडला नाही. मला तिची लाज वाटत नव्हती. माझीही वाटत नव्हती, निदान तेवढा वेळ.

मग कोपऱ्यातल्या एका म्हातारीने विचारलं, दात दुधाचा हुता की पक्का? मला एकदम शब्द सापडला. म्हटलं, दाढ होती. त्यावर हसले ते सगळ्यांनी मिळून हसले, आणि मला हसण्याचं वाईट वाटलं नाही. केस काळे होते का, दुखायचं का, आणखी कोणाला असं होतं का, दुसरं अंडाशय आहे ना, असं सगळं त्या विचारायला लागल्या. एक बाई मला बाजूला घेऊन म्हणाली की तिच्या सुनेचं पोट वर्षभर जड आहे आणि ती कोणाला दाखवत नाही. मी तिला हेमाली मॅडमच्या हॉस्पिटलातल्या बायकांच्या ओपीडीचा वार सांगितला.

दातवाली हे नाव मला पडलंय. मम्मी म्हणाली होती तसंच. शनिवारी जेट्टीवरच्या एका पोराने हाक मारली, ए दातवाली. लागलं, खोटं कशाला बोलू. पण पोर पाडलेली यापेक्षा हे चालेल.

स्टीवनकडे त्याच संध्याकाळी दोन नाखवा इंजिनं दाखवायला गेले. काल एलिझा काकी आमच्या दारात आली. आत आली नाही, पायरीवरच उभी राहून मम्मीला म्हणाली की बाजारात तिच्या शेजारची जागा रिकामी आहे. मम्मी आज पहाटे तिकडे टोपली घेऊन गेली. जॉयस मावशीने काल आम्हाला मटण दिलं, कुंपणावरून नाही, दारातून.

तुमच्या लग्नाचं काय, ते मला ठाऊक नाही. मला वाटलं होतं, माझं खोटं दूर झालं की तुमचं आपोआप जुळेल. तसं काही होत नाही. काल मी स्टीवनला विचारलं, ऑड्रेला फोन करशील का. तो म्हणाला, नाही. मी म्हटलं, तिने केला तर? त्याने हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "उचलेन."

म्हणून हे पत्र. माझी माफी तू ठेव नाहीतर टाक, ती आता तुझी आहे. पण तुला सगळं जग सांगेल की तुझी काय चूक, कोणीही विचारलं असतं. ते खरं आहे. तरीही ज्याला आपण विचारलं त्याला ते लागलंय. या वर्षात मी एवढंच शिकले, की चूक नसली म्हणून लाज जात नाही, आणि लाज बाळगून गप्प बसलं की दुसऱ्याचं पोट, दुसऱ्याचं घर जळतं. मम्मी उशिरा बोलली. मी त्याहून उशिरा. तू उशीर करू नकोस.

माझ्याशी नाही बोललीस तरी चालेल, ऑड्रे. त्याला फोन कर.

क्लेअर